विमलताईंचे सोमवार

विमलताईंनी बेलाचं पान पालथं करून पिंडीवर ठेवलं, तेवढ्यात देवळाबाहेर गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी हात आवरता घेतला नाही. तांब्यातलं पाणी संपेपर्यंत बारीक धारेनं ओतलं, पदर गळ्याभोवती घेऊन डोकं टेकवलं, आणि मगच त्या पायऱ्या उतरल्या.

बाहेर थोरले दीर किसनराव स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसले होते. त्यांच्या शेजारी विमलताईंचा नवरा, श्रावणराव, टोपी मांडीवर घेऊन. विमलताई मागच्या सीटवर बसल्या. गाडी गावची शीव ओलांडून राळेगावच्या रस्त्याला लागली. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि बाया कमरेला फडकी बांधून वेचणीला लागल्या होत्या.

"श्रावण, सांग तिले पुन्हा एक खेप," किसनराव म्हणाले.

थोरल्या दिरानं धाकट्याच्या बायकोशी थेट बोलायचं नाही आणि तिनंही त्यांच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून विमलताईंनी ती मोडली नव्हती. निरोप श्रावणरावांमार्फत जायचे. ते शेतात असले तर किसनराव भिंतीला सांगत, पाण्याच्या रांजणाला सांगत, एकदा तर गोठ्यातल्या गाईला म्हणाले होते, "उद्या पाव्हने येऊन राह्यले, पुरणाचं पाहा लागते." गाईनं मान हलवली होती आणि विमलताईंनी डाळ भिजत घातली होती.

श्रावणराव अर्धे मागे वळले. "भाऊ म्हनते, ठाण्यात तू फक्त एवढंच सांगजो. पोरीच्या डोक्यात फरक पडला. लय दिवसाचा हाय. म्हून मी सोमवार धरले."

"आन थे खोटं थोडीच हाय," किसनराव समोरच्या काचेला म्हणाले. "हंसाबाईले हिनंच सांगतलं व्हतं. अख्खी गल्ली साक्ष देईन. माय सोता उपास करते म्हनल्यावर पोलिसाइले दुसरा पुरावा कायले पायजे? एकदा तिनं सांगतलं का पोरीचा जबाब टिकत नाई. तपासनीले पाठवता येते. डॉक्टर आपल्या वळखीचा हाय. मंग पोरगी घरी. चार महिन्यात सारं थंडं."

विमलताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. खोटं नव्हतंच ते. नयन त्यांची एकुलती एक लेक. यवतमाळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, आणि खोली करून राहत होती ती दीपाबरोबर. दीपा फुलसावंगीची, एसटीत कंडक्टर. आलेली स्थळं नयननं एकामागून एक परतवून लावली, आणि शेवटी एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता आईला खरं काय ते सांगितलं. विमलताईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पुढच्याच सोमवारी त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला: माझ्या पोरीचं डोकं ठिकाणावर येऊ दे. शेजारच्या हंसाबाईनं उपास कशाचा म्हणून विचारलं, तेव्हा सांगूनही टाकलं. व्रताबद्दल खोटं बोलायचं नसतं.

गेल्या आठवड्यात नयन आणि दीपानं खोलीवर चार मैत्रिणींसमोर एकमेकींना हार घातले. फोटो सकाळी निघाला आणि दुपारी गावच्या पानठेल्यावर पोचला. पुढच्या महिन्यात किसनरावांच्या धाकट्या मुलीचं, निकिताचं, साक्षगंध ठरलेलं. त्यांनी रात्री जेवण टाळलं आणि उजाडल्यावर ठाण्यात जाऊन तक्रार दिली, की आमच्या पोरीला फूस लावून नेलं, तिची मनःस्थिती बरी नाही.

किसनराव काही कोणाचं वाईट चिंतणारे नव्हते. नयन बारावीला असताना नाल्याला पूर आला, तेव्हा हेच तिला पाठीवर घेऊन पलीकडे गेले होते, पेपर चुकू नये म्हणून. विमलताईंना ते आठवत होतं, म्हणूनच जड जात होतं.

ठाण्यात बाकावर नयन बसली होती. आईला पाहून ती उठली नाही. चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. दीपा सकाळची फेरी करून तशीच आली होती, खाकी गणवेशात, खांद्याला चामड्याची पिशवी. ती मात्र उठली.

"आई, इथं बसता का, का तिकडं उन्हात? इथं थंडं लागन."

आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

"इथंच बसतो," विमलताई म्हणाल्या.

किसनरावांनी दीपाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "काहो कंडक्टरबाई, आमची पोरगी कोनत्या स्टॉपवर उतरवनार हाय तुमी?"

"थे म्हनन तिथं, काका," दीपा म्हणाली. "घंटी तिच्याच हाती हाय."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला म्हातारा जमादार हसला आणि मग उगीच खोकला.

फौजदार वानखडे मॅडम आल्या. तरुण, झोप न झालेली बाई. त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं, जमादाराला कागद घ्यायला सांगितला आणि आधी नयनला विचारलं.

"वय?"

"सव्वीस."

"कोणी पळवून नेलं? धाक दाखवला? काही खायला-प्यायला घातलं?"

"नाही. मी माझ्या मर्जीनं राहते."

"आणि हे हार-बिर काय आहे?"

"लग्न केलं आम्ही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "हे बघ, असं लग्न आपल्या कायद्यात नाही. तू सज्ञान आहेस, कुठं आणि कोणासोबत राहायचं ते तुझं तू ठरवू शकतेस. तेवढं मी लिहू शकते. लग्न म्हणून ते धरलं जाणार नाही."

"माहीत आहे," नयन म्हणाली. "पण जबाब माझा आहे ना?"

"तुझा आहे."

"मग मी सांगते ते लिहा. कोणी धरो न धरो. लग्न केलं. दोघींनी एकमेकींना विचारून केलं."

मॅडमनी जमादाराकडे पाहिलं. जमादारानं कपाळाला आठी घातली आणि लिहिलं.

किसनराव खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, तिच्या बोलन्याले काय धरता? तिले काय समजते? तिच्या मायले इचारा. तिची माय देवमानूस हाय. गावात कोनालेही इचारा, आजवर तोंडातून खोटं निंगालं नाई तिच्या. थे सांगन तुमाले पोरीच्या डोक्याचं."

सगळे विमलताईंकडे वळले. नयन तेवढी वळली नाही. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाबून धरले होते. लहानपणी सुई टोचून घेताना बसायची तशी.

विमलताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांना मागचा पावसाळा आठवला. डोळे दाखवायला म्हणून त्या यवतमाळला गेल्या होत्या आणि न कळवता पोरीच्या खोलीवर पोचल्या होत्या. नयन तापानं फणफणलेली. दार दीपानं उघडलं. ती घाबरली, पण बाजूला झाली. मग म्हणाली, "आई, आज सोमवार हाय ना? सांजेले भगर चालते तुमाले, का शिंगाड्याचं करू?" विमलताई काही बोलल्या नाहीत, तर ती तिथंच थांबली. भगर म्हटल्यावर गेली. त्या दिवशी त्या खोलीत ती एकेक गोष्ट विचारूनच करत होती. दिवा घालवू? खिडकी लावू? संध्याकाळी नयनच्या केसांचा गुंता झाला होता. दीपा फणी घेऊन तिच्यामागे बसली आणि म्हणाली, "विंचरू?" नयनचे डोळे मिटलेले होते. दीपानं फणी हवेत तशीच धरून ठेवली. बऱ्याच वेळानं नयन "हं" म्हणाली, तेव्हा फणी केसांत गेली.

विमलताई भिंतीला टेकून ते पाहत होत्या. त्या फणीच्या थांबण्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्यासाठी कोणाचा हात असा हवेत थांबल्याचं त्यांना आठवेना. नवऱ्यानं कधी हात उगारला नव्हता, कधी उपाशी ठेवलं नव्हतं. पण थांबला होता का तो कधी? पुढच्या सोमवारी त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि नेहमीचा संकल्प ओठांवर येईना. पाणी बोटांतून गळून गेलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली आणि दुसराच शब्द दिला देवाला. त्याबद्दल हंसाबाईनं विचारलं नाही, म्हणून सांगायची वेळ आली नाही.

"मावशी," वानखडे मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे का? तुम्ही त्यासाठी उपास करता, असं तक्रारीत आहे."

"उपास करतो," विमलताई म्हणाल्या.

"जोरात बोला मावशी," जमादार म्हणाला. "लिहून घ्याचं हाय."

"उपास करतो. पोरीचं डोकं ठिकान्यावर यावं म्हून धरले व्हते. हंसाबाईले मीच सांगतलं."

किसनराव पाठ टेकून बसले. नयननं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं ओळख पुसल्यासारखं झालं होतं.

"मंग एक दिवस समजलं, पोरीचं डोकं ठिकान्यावरच हाय," विमलताई म्हणाल्या. "ठिकान्यावर नाई थे माहं."

जमादाराचं पेन थांबलं.

"मग सोडले का उपास?" मॅडमनी विचारलं.

"सोडाचे कायले? संकल्प बदलला. माहं मन वळव, म्हनलं महादेवाले. तवापासून माह्यासाठीच करून राह्यली."

"श्रावण," किसनराव उभे राहिले, "काय बोलून राह्यली ही? सांग तिले, आपलं गाडीत काय ठरलं व्हतं. सांग तिले, घरात अजून एका पोरीचं..."

विमलताईंनी तोंड त्यांच्याकडे वळवलं. डोक्यावर पदर होता, पण डोळे त्यांच्या डोळ्यांत होते. नाकावरचा तीळ, पांढऱ्या भुवया. हा चेहरा आपण एवढ्या वर्षांत नीट पाहिलाच नव्हता, असं त्यांना वाटून गेलं.

"त्याइले नका सांगू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले सांगा. मी इथंच बसली हाय."

तिच्याशी बोलायचे शब्द किसनरावांकडे नव्हतेच. ते खाली बसले आणि मॅडमकडे वळले.

"मॅडम, लग्न म्हंजे पोरखेळ हाय का? कायदा हाय, समाज हाय, चार लोक हायेत. पसंत पडलं का घातला हार, असं असते का कुठी?"

"मॅडम," विमलताई म्हणाल्या, "माहं लग्न बसते का कायद्यात?"

मॅडमना प्रश्न कळला नाही. "म्हणजे? तुमचं बसतंच की."

"मले कोनी इचारलं नोतं."

बाहेर कोणीतरी मोटारसायकल किक मारमारून चालू करत होतं.

"मी शेन थापून राह्यली व्हती. बाप आला आन म्हने, हात धू, लुगडं बदल. हात धून आली, तवर इकडं बैठकीत सुपारी फुटून गेलती. फोडू का म्हून पाव्हन्याइले इचारलं, मामाइले इचारलं, गावच्या पाटलाइलेही इचारलं. साऱ्याइनं फोडा म्हनलं. मी दारामांगं उभी व्हती. ओल्या हातानं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "हे वाईट नाईत. माहं वाईट झालं असं म्हनत नाई मी. पन थे लग्न बसते. आन हिनं तिले इचारलं, तिनं हिले इचारलं, थे बसत नाई."

त्या हे अगदी हळू बोलल्या होत्या. जमादारानं मात्र जोरात बोला म्हटलं नाही.

श्रावणराव हातातली टोपी फिरवत होते. एकदा आतला भाग वर, एकदा बाहेरचा. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पण कान तिकडेच होते, हे मानेवरून कळत होतं.

मॅडमनी कागद पुढे ओढला. "म्हणजे तुमचं म्हणणं, मुलगी शहाणीसुरती आहे. एवढंच लिहायचं ना?"

"आन खाली लिहा, मायची संमती हाय."

"तुमची संमती लागत नाही, मावशी. दोघी सज्ञान आहेत."

"थे समजलं मले. लागत नाई, तरी द्याची हाय. लिहा."

"पण तिला काही अर्थ..."

"मॅडम, आजवर माही 'हो' लागत व्हती तिथं कोनी घेतली नाई," विमलताई म्हणाल्या. "आता मी सोता होऊन देऊन राह्यली, त तुमी घेत नाई."

वानखडे मॅडमनी पुढ्यातला कागद जमादाराकडे सरकवला. मग म्हणाल्या, "लिहा."

जमादारानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. विमलताईंनी तो कागद स्वतःकडे घेतला, पोथी वाचतात तसा बोट फिरवून पुन्हा वाचला आणि सही केली. दीपा भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांद्यावरच्या पिशवीतली सुटी नाणी खुळखुळत होती. पिशवी नव्हे, खांदाच हलत होता.

बाहेर ऊन वर आलं होतं. किसनराव सगळ्यांच्या आधी जाऊन गाडीत बसले, पण दार त्यांनी लावलं नाही. विमलताई जवळून जायला लागल्या, तेव्हा ते समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "निकिताचं साक्षगंध..." आणि थांबले. मग मान वळवून, मोठ्या कष्टानं, थेट तिलाच म्हणाले, "निकिताच्या साक्षगंधाले तुमी... येता का आता?"

"निकिताले इचारलं का तुमी?"

किसनरावांनी नजर पुन्हा समोरच्या काचेकडे वळवली.

"तिले इचारा, भाऊजी. ती हो म्हनली त मी आदल्या दिवशीच येतो. पुऱ्या मीच लाटीन. नाई म्हनली तरी येतो. तिच्या बाजूनं."

किसनराव गाडीच्या चावीशी खेळत राहिले. गाडी चालू झाली, थोडी पुढे गेली आणि रस्त्याच्या कडेला पुन्हा उभी राहिली, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

नयन आईच्या दंडाला धरून उभी होती. नुसती नाक ओढत होती. दीपानं पिशवीतून रुमाल काढला, तिच्यापुढे धरला आणि तिनं घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"आई, आमच्याकडे चल," नयन शेवटी म्हणाली. "आज तरी."

"पाणी पिता का, आई?" दीपानं विचारलं. "आज चालते का?"

"सांजेले. दिवा लागल्यावर."

श्रावणराव मागून आले. ते लेकीपाशी थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवू की नको अशा बेतात त्यांचा हात उचलला गेला आणि अर्ध्यावर राहिला. नयननंच मान किंचित पुढे केली. मग तो हात टेकला.

एसटी स्टँडाच्या बाजूनं धूळ उडवत एक बस गेली. पलीकडे भावाची गाडी उभी होती. श्रावणरावांनी गाडीकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, दोघी पोरींकडे पाहिलं. सवयीनं त्यांचे पाय गाडीच्या दिशेनं वळले होते, आणि सवयीनं विमलताईही त्यांच्या मागे एक पाऊल चालल्या होत्या. ते अचानक उभे राहिले. मागं वळले.

"विमल," ते म्हणाले. आजवर ते तिला 'नयनची माय' म्हणत आले होते. त्याआधी, नयन व्हायच्या अगोदर, नुसतं 'अवो'. "तुले कुठी जाचं हाय? घरी, का पोरीकडं?"

विमलताईंना वाटलं, आता ते नेहमीसारखे चालू लागतील आणि आपण मागून जाऊ. पण ते उभेच होते. उन्हात, टोपी हातात, डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे पाहत.

"थांबा," विमलताई म्हणाल्या. "इचार करून सांगतो."

आणि त्या बाजूच्या कडुलिंबाच्या पारावर जाऊन निवांत बसल्या.